हॉर्स ब्रास जमवायचे आहेत? आधी उलटे करून पाहा

घोड्याच्या साजावरचं माझं पहिलं पितळी पदक मी एका रविवारी कार बूट सेलमध्ये, म्हणजे गाड्यांच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात, घेतलं. पितळेची चंद्रकोर, मधोमध तारा, वर चामड्याची वादी. विकणाऱ्या आजोबांनी सांगितलं की हे चिन्ह रोमन काळापासून चालत आलंय, घोड्याला दृष्ट लागू नये म्हणून बांधायचे. लिंबू-मिरचीच्या मुलखातून आलेल्या मला ते पटायला वेळ लागला नाही. सहा महिने ते दिमाखात भिंतीवर होतं. मग एकदा पुसायला खाली काढलं, उलटं केलं, तर पाठ वाळूच्या कागदासारखी खरखरीत, आणि वरच्या कडीत झिजेचा मागमूस नाही. हे पदक घोड्याच्या आसपाससुद्धा कधी फिरकलं नव्हतं.

आजोबा खोटं बोलले असं मला वाटत नाही. त्यांनाही कुणीतरी तेच सांगितलं असणार. पण त्या दिवसापासून कुठलंही पदक हातात आलं की मी समोरचं चित्र नंतर बघते, आधी पाठ बघते. या छंदात नव्याने येणाऱ्यांसाठी पुढे जे लिहिलंय, ते बरंचसं या एका सवयीभोवती फिरतं.

एक खुलासा आधीच करते. आपल्याकडे ‘ब्रास’ म्हटलं की वाळू किंवा खडीची गाडी डोळ्यांसमोर येते, शंभर घनफुटांची. इथे तसं काही नाही. हॉर्स ब्रास म्हणजे घोड्याच्या साजावर लावायचं पितळी पदक. मी पुढे सरळ ‘पदक’च म्हणेन.

कुणाच्या अंगावर, कुठे

ही पदकं शर्यतीच्या किंवा स्वारीच्या घोड्यांची नव्हेत. ती ओझी ओढणाऱ्या थोराड घोड्यांची: शायर, क्लाइड्सडेल, सफोक पंच. नांगर, कोळशाच्या गाड्या, ब्रुअरीची पिंपं, कालव्यातल्या होड्या, रेल्वेच्या मालधक्क्यावरचे डबे, हे सगळं ज्यांनी ओढलं ते घोडे. त्यांच्या काळ्या चामडी साजावर चकाकतं पितळ उठून दिसायचं.

जागेप्रमाणे नावं बदलतात, आणि ती माहीत असली तर विक्रेता तुम्हाला लगेच नवखं समजत नाही. कपाळावर लोंबतं ते फेस पीस. गळपट्ट्यापासून पुढच्या पायांमधून पोटाच्या पट्ट्याकडे जाणारी रुंद वादी म्हणजे मार्टिंगेल. तिच्यावर एकाखाली एक तीन-चार पदकं ओवलेली असतात. डोक्यावर उभ्या कड्यात झुलणारी छोटी चकती असते तिला फ्लाय टेरेट किंवा स्विंगर म्हणतात. पबच्या तुळईवर जी चामड्याची पट्टी पदकांसकट टांगलेली दिसते, ती बहुतेक वेळा मार्टिंगेलची नक्कल असते, खरं मार्टिंगेल क्वचित. सुटं पदक साधारण तीन ते साडेतीन इंचांचं, म्हणजे तळहातात मावेल एवढं.

एक गोष्ट मला फार आवडते. घोडा मालकाचा असे, पण पदकं बहुतेकदा गाडीवानाची स्वतःची असत. खोगीरवाल्याच्या दुकानातून, आपल्या तुटपुंज्या पगारातून तो ती एकेक करून घेई, आणि नोकरी बदलली की बरोबर घेऊन जाई. मे डेची मिरवणूक, नांगरणीच्या स्पर्धा, गावची जत्रा अशा दिवशी सगळी अंगावर चढत. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड आणि गळ्यात नवी घुंगरमाळ घालण्यासाठी जो माणूस स्वतःच्या सदऱ्याचा खर्च पुढे ढकलतो, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

या सगळ्याचा भर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पहिल्या महायुद्धापर्यंत. बनवण्याचं मोठं केंद्र म्हणजे इंग्लंडच्या मिडलंड्समधलं वॉल्सॉल. खोगीर आणि चामडी साजाचं हे गाव, शेजारी बर्मिंगहॅमचे पितळेचे कारखाने, म्हणजे वादी आणि पदक दोन्ही हाकेच्या अंतरावर. १८८५ साली लंडन कार्ट हॉर्स परेड सोसायटी स्थापन झाली आणि नीट ठेवलेल्या घोड्यांच्या गाडीवानांना बक्षिसं मिळू लागली. ती मिरवणूक पुढे १९०४ मध्ये सुरू झालेल्या व्हॅन घोड्यांच्या मिरवणुकीत १९६६ साली मिसळली, आणि लंडन हार्नेस हॉर्स परेड या नावाने ईस्टर मंडेला भरू लागली.

पहिला महिना: खिशात हात घालायचा नाही

सुरुवातीला काहीही घेऊ नका. खरी पदकं डोळ्यांनी आणि जमलं तर बोटांनी ओळखीची करून घ्या. वॉल्सॉलचं लेदर म्युझियम साज कसा बनायचा ते दाखवतं. वुस्टरशरमधल्या ब्यूडली म्युझियममध्ये पितळेच्या ओतकामाची जागा पाहायला मिळते, आणि ओतकाम एकदा समजलं की पदकाची पाठ वाचता येते. डडलीचं ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियम अर्धा दिवस सहज खातं. पण सगळ्यात उपयोगी म्हणजे थोराड घोड्यांचं एखादं प्रदर्शन किंवा नांगरणीची स्पर्धा. चालत्या घोड्याच्या छातीवर पदक कसं हलतं, कुठे घासतं, कुठे आपटतं, हे तिथे दिसतं. मालकाला विचारून जवळून बघा. घोड्याच्या साजाचं कौतुक करणाऱ्याला सहसा कुणी हाकलत नाही.

नॅशनल हॉर्स ब्रास सोसायटी ही संग्राहकांची संस्था १९७५ पासून आहे. तिथल्या जुन्या मंडळींसोबत घालवलेला एक तास म्हणजे स्वतःच्या पैशाने केलेल्या दहा चुका वाचल्या असं धरा.

ठोकीव, ओतीव, छापीव

पदक तीन रीतींनी बनतं.

सगळ्यात जुनं ठोकीव. पितळेचा पत्रा ठोकून, कापून, कानशीने आकार दिलेला. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम पाहिलेल्यांना पत्र्यावरचा हातोडा ओळखता येईल. ही पदकं दुर्मिळ आहेत. कार बूट सेलमध्ये कुणी तुम्हाला ठोकीव म्हणून दाखवलं, तर हसून पुढे जा.

मग ओतीव. आधी लाकडात, मग धातूत नमुना तयार करायचा, तो वाळूच्या साच्यात दाबून ठसा उमटवायचा, त्यात वितळलेलं पितळ ओतायचं. बाहेर आलेलं पदक खडबडीत असतं. ते शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, पकडून कानशीने घासता यावं म्हणून पाठीला दोन छोटे खुंट ओततानाच ठेवलेले असत. काम झालं की खुंट कापून घासून टाकायचे. त्यांच्या खुणा पाठीवर दोन पुसट ठिपक्यांसारख्या राहतात. संग्राहक त्यांना ‘गेट्स’ म्हणतात, आणि नवखा माणूस त्या दिसल्या की हरखून जातो. मीही गेले होते. नकला करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे, हे मला नंतर कळलं. खुणा असणं चांगलं. पण नुसत्या खुणांवर पैसे देऊ नका.

तिसरं छापीव. साधारण १८८० पासून पितळेच्या पातळ पत्र्यावर पोलादी ठशाने दाब देऊन पदकं पाडायला सुरुवात झाली. वजनाला हलकी, किमतीला स्वस्त, घोड्यालाही सोयीची. छापीव म्हणजे कमअस्सल असा एक समज आहे, तो डोक्यातून काढून टाका. पहिल्या महायुद्धाआधीची छापीव पदकं खरोखर घोड्यांच्या अंगावर राबलेली आहेत, आणि त्यांची नक्कल करायला पोलादी ठसा घडवावा लागतो, त्यामुळे नकलाही कमी. नवख्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. ओळख सोपी: पाठ गुळगुळीत, आणि समोर जिथे उंचवटा तिथे मागे तेवढाच खळगा.

पाठ कशी वाचायची

पदक हातात घ्या. उलटं करा. घाई करू नका.

आधी कडी. वरच्या चौकोनी फटीतून वादी जाते आणि पदकाचा सगळा भार त्या फटीच्या वरच्या दांडीवर येतो. म्हणजे झीज दांडीच्या आतल्या, खालच्या बाजूला हवी. वर्षानुवर्षं चामडं घासून तिथली कड गोल आणि मऊ झालेली असते, बऱ्याचदा मधोमध जास्त. नकलेत कड तीक्ष्ण असते, किंवा कुणीतरी कानस फिरवून झीज ‘केलेली’ असते. कानशीच्या रेघा सरळ आणि समांतर असतात. चामड्याला असं सरळ घासता येत नाही.

मग पाठ. काम केलेल्या पदकाची पाठ साजावर घासून घासून रेशमासारखी झालेली असते, विशेषतः खालच्या कडेला, कारण चालताना तीच आपटते. ओतीव नकलेची पाठ वाळूचे कण उमटलेली, बारीक छिद्रांची. काही जण नकला गोट्यांच्या पिंपात फिरवून गुळगुळीत करतात. मग त्या सगळीकडून सारख्याच गुळगुळीत होतात: आतले कोपरे, नक्षीच्या फटी, सगळं. खरी झीज पक्षपाती असते. जिथे घासलं तिथे झिजलं, जिथे बोट पोचलं नाही तिथे कड शाबूत.

नक्षीच्या फटींच्या आतल्या भिंती बघा. जुन्या ओतीव कामात कारागिराने प्रत्येक फटीत बारीक कानस घालून भिंती साफ केलेल्या असत. स्वस्त नकलेत तेवढा वेळ कुणाला नसतो. फटीत ओतकामाचे कंगोरे तसेच राहतात.

आता मोजपट्टी. हा माझा लाडका उपाय. नक्कल करणारा बहुतेकदा जुनं पदकच नमुना म्हणून वाळूत दाबतो. पितळ थंड होताना आकसतं, फुटामागे साधारण तीन सोळांश इंच. म्हणजे ८० मिलिमीटरच्या पदकाची नक्कल मिलिमीटरभर लहान भरते. नकलेची नक्कल आणखी लहान. त्याबरोबर नक्षीही बोथट होत जाते, घोड्याच्या आयाळीचे केस जाऊन तिथे नुसता उंचवटा उरतो. तुमच्याकडे खात्रीच्या पदकाचं माप असेल, तर एक स्लाइड कॅलिपर बराच वाद मिटवतो.

खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर पितळेचा मुलामा. असं क्वचितच निघतं, पण निघालं की दोन सेकंदांत निकाल.

कडी आणि पदक जिथे जुळतात तिथे डाग दिल्याची खूण आहे का तेही पाहा. तुटलेली कडी जोडलेली असू शकते. ती दुरुस्ती जुनी असेल तर मला ती आवडते, कारण गाडीवानाला ते पदक टाकवलं नाही. किंमत मात्र कमी हवी.

पाठीवर किंवा समोर कधी आकडे सापडतात. पत्त्यांतल्या चौकटीसारखं तिरपं चिन्ह असेल तर नक्षीची नोंदणी १८४२ ते १८८३ या काळातली. ‘आरडी नंबर’ (Rd No, म्हणजे नोंदणी क्रमांक) असा शिक्का आणि पुढे आकडा असेल तर नोंदणी १८८४ नंतरची. तेव्हा क्रमांक एकपासून सुरू झाले आणि १९०० पर्यंत साडेतीन लाखांच्या आसपास पोचले. लक्षात ठेवा, ही तारीख नक्षीच्या नोंदणीची आहे. तुमच्या हातातला नग कधी बनला, हे ती सांगत नाही.

जाता जाता, थोडं टोचेल असं: बाजारात फिरणाऱ्या नकलांपैकी पुष्कळशा आपल्याच देशात ओतलेल्या आहेत. पितळकामात आपला हात जुना आहे, इंग्लंडच्या भेटवस्तूंच्या दुकानांनी मागितलं, आपण ओतून दिलं. ती फसवणूक म्हणून बनलेली नव्हती. पन्नास वर्षं धूर खाऊन पबच्या भिंतीवरून उतरली आणि मग ‘अँटिक’ झाली.

चिन्हांचे अर्थ: ऐकलेले आणि असलेले

इथे नवखे सगळ्यात जास्त भुलतात, म्हणून जरा थांबते.

सूर्य, चंद्रकोर, तारा, हृदय ही पदकं सगळीकडे दिसतात, आणि प्रत्येकामागे ड्रुइड (प्राचीन ब्रिटनचे पुरोहित), रोमन, इजिप्त यांची गोष्ट जोडलेली असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोककथांच्या अभ्यासकांना हा विषय सापडला आणि ‘पदक म्हणजे ताईत’ ही कल्पना रुजली. रोमन काळात चंद्रकोरीच्या आकाराची पदकं होती, हे खरं. पण तिथून व्हिक्टोरियन गाडीवानापर्यंत यायला जी साखळी लागते तिच्या मधल्या कड्या कुणी दाखवलेल्या नाहीत. ओतकाम करणाऱ्याच्या बाजूने बघा: गोल, किरण, चंद्रकोर हे आकार लाकडात कोरायला सोपे, वाळूतून सहज सुटणारे, आणि उन्हात लांबून चमकणारे. मधोमध घुमटासारखा उंचवटा असलेली सूर्याची पदकं खरंच लखलखतात. एखाद्या गाडीवानाच्या मनात दृष्टीची भीती नसेलच असं मी म्हणत नाही. मात्र आपल्याला दृष्ट हा शब्द माहीत आहे म्हणून ती गोष्ट पटकन खरी वाटते, एवढं सावध राहावं.

पक्के अर्थ शोधायचे तर पदक कुणी मागवलं असेल असा प्रश्न विचारा.

मागवणारा जिल्ह्याचा असू शकतो. तीन फासांची गाठ म्हणजे स्टॅफर्ड नॉट, स्टॅफर्डशरचं चिन्ह. एकाच दोरात तीन गुन्हेगारांना फाशी देण्यासाठी ही गाठ काढली अशी तिथली दंतकथा आहे. कथा म्हणून ऐका. अस्वल आणि खडबडीत सोटा असेल तर वॉरिकशर. मागच्या पायांवर उभा घोडा केंटचा, त्यांचं ब्रीद ‘इन्व्हिक्टा’, म्हणजे अजिंक्य. अर्थात उभा घोडा म्हणून इतरांनीही घेतला असेलच, पण खाली ते ब्रीद असेल तर शंका उरत नाही.

मागवणारा धंद्याचा असू शकतो. पिंप असेल तर ब्रुअरी, गव्हाची पेंढी शेतकऱ्याची. सगळ्यात छान कालदर्शक म्हणजे रेल्वेची अक्षरं. त्या काळी रेल्वे कंपन्यांकडे मालधक्क्यासाठी हजारो घोडे होते. १९२३ साली इंग्लंडच्या बहुतेक रेल्वे कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या. म्हणजे ‘एलएनडब्ल्यूआर’ (लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वे) लिहिलेलं पदक खरं असेल तर त्याआधीचं, आणि ‘एलएमएस’ (लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश) असेल तर त्यानंतरचं. ‘जीडब्ल्यूआर’ (ग्रेट वेस्टर्न रेल्वे) हे नाव मात्र विलीनीकरणानंतरही टिकलं, त्यामुळे तिथे हा उपाय चालत नाही. ब्रिटिश रेल्वेचा शेवटचा घोडा, चार्ली, १९६७ मध्ये न्यूमार्केटला निवृत्त झाला. माणसं चंद्रावर जायला दोन वर्षं उरली होती आणि इथे घोडा डबे ओढत होता.

राजघराण्याच्या पदकांवर तारीखच असते: व्हिक्टोरिया राणीचे १८८७ आणि १८९७ चे महोत्सव, १९०२ आणि १९११ चे राज्याभिषेक, १९३५ चा महोत्सव, १९३७ आणि १९५३ चे राज्याभिषेक. १९०२ ची एक गंमत आहे. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जूनला ठरला होता. त्याच्या पोटाच्या आजारामुळे ऐनवेळी पुढे गेला आणि ९ ऑगस्टला झाला. तोवर आठवणीच्या वस्तू जूनची तारीख घालून तयार झाल्या होत्या. म्हणून त्या सोहळ्याच्या वस्तूवर जूनची तारीख दिसली तर ती चूक समजू नका. आठव्या एडवर्डने तर डिसेंबर १९३६ मध्ये गादीच सोडली. १२ मे १९३७ ला अभिषेक झाला तो त्याच्या भावाचा. आठव्या एडवर्डच्या नावाची वस्तू दाखवून ‘न झालेला अभिषेक, फार दुर्मिळ’ असं म्हणत कुणी किंमत चढवेल. व्यापारी थांबले नव्हते, माल भरपूर निघाला होता. तीन पिसांचा तुरा दिसला तर तो प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे युवराजाचा.

आणि सावधान, १८९७ लिहिलेलं पदक १८९७ मध्येच ओतलं असं नसतं. राणीचा मुखडा सगळ्यात जास्त नक्कल झालेल्या नक्ष्यांपैकी आहे.

माझा स्वतःचा संग्रह राजकारणी आणि सेनापतींचा. डिझरेली, ग्लॅडस्टन, जोसेफ चेंबरलेन घोड्याच्या छातीवर डोलत गावातून फिरायचे. १८८४ च्या कायद्याने गावाकडच्या घर करून राहणाऱ्या मजुरांनाही मताचा हक्क मिळाला, त्यानंतर गाडीवानाच्या छातीवर बिल्ला आणि घोड्याच्या छातीवर पुढारी, हे चित्र मला नैसर्गिक वाटतं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात रॉबर्ट्स, किचनर आणि बेडन-पॉवेल यांची पदकं निघाली. बेडन-पॉवेलने लढवलेल्या मॅफकिंग गावाचा वेढा १७ मे १९०० ला २१७ दिवसांनी उठला तेव्हा इंग्लंड रस्त्यावर उतरलं होतं. यातला रॉबर्ट्स कानपूरला जन्मलेला, आणि किचनर पुढे १९०२ पासून हिंदुस्थानचा सरसेनापती. हे दोघं माझ्या भिंतीवर शेजारी शेजारी आहेत. घरी येणाऱ्या मराठी पाहुण्यांना ते आवडत नाहीत, आणि मला ती नाराजी समजते.

हत्ती असला की विक्रेता हमखास जंबोचं नाव घेतो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८८२ मध्ये जंबोला अमेरिकेच्या बार्नमला विकलं, केवढा गहजब झाला, हे सगळं खरं. पण पदकावरच्या हत्तीच्या पाठीवर किल्ला असेल तर जंबोचा काय संबंध? ‘एलिफंट अँड कासल’ हे चिन्ह त्याच्याआधी कितीतरी जुनं आहे.

प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धच्या संस्थेने, आरएसपीसीएने, मिरवणुकीत घोडा उत्तम ठेवणाऱ्या गाडीवानांना गुणवत्तेची पदकं दिली. त्यांवर संस्थेचं नाव असतं. मला ही पदकं सगळ्यांत प्रामाणिक वाटतात, कारण ती विकत घेतलेली नाहीत, कमावलेली आहेत.

आणि शेवटी लिंकन कॅथीड्रलचं पिशाच्च, कॉर्नवॉलचा पिक्सी, शेक्सपिअरचं घर, गावांची नावं. ही दोन महायुद्धांच्या मधे आणि नंतर मोटारीने फिरायला निघालेल्या पर्यटकांसाठी बनलेली पदकं. घोड्याशी संबंध नाही. पण ती जे आहेत ते म्हणून घेतली, तर स्वस्त आणि मजेदार संग्रह होतो. माझ्या मुलीने असाच सुरू केला, आणि तिची आजवर एकदाही फसवणूक झालेली नाही.

विषय ठरवा, मग बाहेर पडा

नक्ष्या हजारांवर आहेत. सगळं जमवायला निघालात तर घरात भिंत उरणार नाही. एक धागा पकडा: तुम्ही राहता तो जिल्हा, फक्त रेल्वे, फक्त फेस पीस, फक्त छापीव.

मग कार बूट सेल, धर्मादाय दुकानं, नेवार्कसारख्या मोठ्या अँटिक जत्रा, आणि लिलाव. लिलावात पदकं बहुधा खोक्याने जातात. खोक्यात तीस पर्यटकी आणि दोन खरी, अशी गत असते, म्हणून आदल्या दिवशीच्या दर्शनाला जा आणि प्रत्येक नग उलटा करून बघा. हातोडा पडला ती तुमची अंतिम किंमत नव्हे. त्यावर लिलावगृहाचं कमिशन आणि कमिशनवर कर चढतो, बऱ्याचदा पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त. बोली लावताना हे मनात धरा. ऑनलाइन घेत असाल तर पाठीचा आणि कडीचा फोटो मागा. नुसता समोरचा फोटो पुन्हा आला तर सौदा सोडून द्या.

चिंच लावू नका

हे वाक्य खास आपल्या लोकांसाठी. दिवाळीआधी समई, तांब्या, घंगाळं चिंचेने घासणाऱ्या घरांत आपण वाढलो. पितळ बघितलं की हात शिवशिवतात. आंबट लागलं की पितळेतलं जस्त सुटू लागतं, वर तांबं उघडं पडतं आणि गुलाबी डाग येतात. ते पुसून जात नाहीत. म्हणून चिंच, लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो सॉस बंद. भांड्यांची पावडर, राख आणि तारेची घासणीही बंद. देवघरातल्या भांड्याचा वर्षाला एक थर निघाला तरी चालतं. राणीचं नाक एकदा गेलं की गेलं.

मळकट पदक कोमट पाण्यात, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून, मऊ ब्रशने धुवा आणि लगेच पूर्ण कोरडं करा. तेवढ्यावर निभावलं तर तिथेच थांबा. चमक हवीच असेल तर ब्रासोसारखं पॉलिश मऊ सुती कापडावर घेऊन हलक्या हाताने, वर्षातून एकदा. नक्षीच्या खाचांत पॉलिश सुकून पांढरं बसतं, ते लाकडी टूथपिकने काढा, सुईने नको. पाठीला पॉलिश लावूच नका. तुमचा सगळा पुरावा तिथे आहे.

वरून ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेलं रेनेसान्स वॅक्स बोटभर लावून पुसलं, की चमक बराच काळ टिकते. पदकं मुंबईला किंवा कोकणात नेणार असाल तर हे कराच. खारी हवा पितळेला लवकर काळवंडते.

वही, खिळा आणि वादी

प्रत्येक पदकाला क्रमांक द्या, पण पदकावर काही कोरू नका. दोऱ्याने चिठ्ठी बांधा. वहीत तारीख, जागा, किंमत, रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये, वजन, ओतीव की छापीव, आणि विक्रेत्याने सांगितलेली गोष्ट. गोष्टीपुढे ‘ऐकीव’ असं लिहा. पाठीचा फोटो वेगळा काढा. मोजमापाची ही वही दोन वर्षांत नकला पकडायचं तुमचं सगळ्यात चांगलं साधन होते.

टांगताना पदक भिंतीपासून सुटं राहील असं बघा. जुनी वादी मिळाली तर जपा, पण पदक तिच्यावर कायम ठेवू नका. चामड्यातल्या तेलाची पितळेतल्या तांब्याशी प्रक्रिया होते आणि जिथे दोन्ही टेकतात तिथे हिरवा, मेणचट थर साचतो. तो लाकडी काडीने खरवडा, उरलेला व्हाइट स्पिरिटमध्ये, म्हणजे रंग पातळ करायच्या द्रावणात, भिजवलेल्या कापडाने पुसा, खिडकी उघडी ठेवून. थर फार जुना असेल तर खाली पितळ खाल्लेलं निघेल, तिथे पॉलिशने काही होत नाही. वादी वेगळी, पातळ कागदात सैल गुंडाळून, पदकाचाच क्रमांक घालून ठेवा.